सात पुऱ्या जास्त

३ जुलै, गुरुवार

डॉक्टर निशिगंधाबाईंनी आज फर्मान काढलं की रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं. साखर दोनशे ऐंशी निघाली. मी म्हणालो, बाई, मशीन जुनं असेल. त्या म्हणाल्या, "काका, मशीन नवं आहे, तुम्ही जुने आहात." कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती, ती काढली.

सकाळी चहा, बिनसाखरेचा. दोन बिस्किटं. दुपारी दीड भाकरी, मेथी, ताक. संध्याकाळी पुन्हा चहा. ह्यात साखर होती. लिहायचंच ठरलंय तर खरं लिहावं.

वही हरवली तर कुणाची ते कळावं म्हणून नोंद: भिमाजी दडस, वय एकोणसाठ, मूळ गाव माण तालुक्यात, सध्या चिखलीत दोन खोल्या. कुरुळीच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. घरात मी आणि सावित्री. मुलगा नोकरीला सुरतेला. आज गुरुवारची सुट्टी म्हणून एवढं लिहायला वेळ मिळाला, उद्यापासून फक्त खाणं.

४ जुलै, शुक्रवार

सकाळी पोहे, एक वाटी. दुपारी कॅन्टीन: भात, आमटी. कॅन्टीनचा ठेकेदार मालोजी ह्याला आमटी म्हणतो. ताटाचा तळ त्यातून दिसत होता.

आज एक भलतंच झालं. एचआरच्या पूनम मॅडम गाडीतून उतरून गेटवर आल्या. दीड वर्षात त्यांनी माझ्यासाठी काच अर्धीच खाली केली आहे आणि मला "सिक्युरिटी" अशीच हाक मारली आहे. आज म्हणाल्या, "काका, तुमच्या फाइलमध्ये कारगिल लिहिलंय. तुम्ही होतात तिथे?"

"होतो."

"म्हणजे प्रत्यक्ष? वर?"

"वरच्या जरा खाली."

"ओ माय गॉड," म्हणाल्या. सव्वीस जुलैला कारगिल विजय दिवस आहे, शॉप फ्लोअरवर कार्यक्रम करायचाय, चारशे माणूस असेल आणि मी प्रमुख पाहुणा. मी पुढचं सांगणारच होतो, पण तेवढ्यात एक कंटेनर आत घुसला आणि त्याचा पास बघावा लागला. कंटेनर गेला तोवर मॅडमही गेल्या होत्या.

पुढचं सांगायचं होतं ते इथे लिहितो. मी फौजेत आचारी होतो. सतरा वर्षं. बंदूक चालवता येते, ती सगळ्यांनाच शिकवतात, पण कारगिलला माझ्या हातात झारा होता. कंपनीत हे कुणाला माहीत नाही. मी लपवलं नाही, कुणी विचारलं नाही. शिवाय माझा अनुभव असा, की माजी सैनिक म्हटलं की लोक सलाम ठोकतात आणि माजी आचारी म्हटलं की लग्नाची ऑर्डर देतात.

तर आज मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही. आणि "काका" ऐकून बरं वाटलं, हेही खरं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळं, दोन केळी, पुन्हा खिचडी. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगाच नाही. डॉक्टरीणबाईंनी उपासाच्या दिवसांचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं.

८ जुलै, मंगळवार

संध्याकाळी ड्युटीवरून येऊन मीच कणीक मळली. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं. सावित्री ओट्याशी येऊन म्हणाली, "दोघांचं करताय का पलटणीचं?" मी म्हणालो, दोघांचंच. सात पुऱ्या जास्त झाल्या.

दरवर्षी ह्याच दिवसांत माझा हात चुकतो. पावसाळी हवेने कणीक ओल धरते आणि अंदाज फसतो, दुसरं काही नाही. टाकायच्या कशा, म्हणून मीच खाल्ल्या. एरवी एका जादा पुरीवर अर्धा तास बोलणारी सावित्री आज नुसता पाण्याचा तांब्या जवळ ठेवून गेली.

एकूण पुऱ्या तेरा. डॉक्टरीणबाई, माफ करा.

१० जुलै, गुरुवार

सुट्टी. मॅडमनी फोनवर बॅनरचा नमुना पाठवला. मुंडकं माझं, ओळखपत्रावरचं. खालचं धड कुणा पंचवीस वर्षांच्या पैलवानाचं, हातात रायफल. मागे बर्फाचे डोंगर आणि उडणारी विमानं. वर मोठ्या अक्षरांत: "कारगिलचा वाघ कॅप्टन भिमाजी नाईक".

नाईक हा माझा हुद्दा होता. मॅडमनी तो आडनाव समजून लिहिला आणि हुद्द्याची जागा मोकळी दिसली म्हणून तिथे कॅप्टन घातला. एका फोटोत मला पाच-सहा बढत्या आणि नवं कुळ मिळालं.

सावित्रीला दाखवला. चष्मा लावून तिने बराच वेळ बघितला. "छाती कुणाची हाय ही?" म्हणाली. मी म्हणालो, कंप्युटरची. "मग ऱ्हाऊ द्या. पर मॅडमला खरं सांगून टाका. आज न्हाई सांगितलं तर उद्या त्या वाघाचं भाषान करायला लावतील." मी म्हणालो, शनिवारी सांगतो.

भाकरी दोन, कारलं. कारलं लिहिताना अभिमान वाटतो.

१२ जुलै, शनिवार

सांगायला गेलो. एचआरच्या केबिनमध्ये एसी इतका होता की कारगिल आठवलं. मी म्हणालो, "मॅडम, त्या फोटोबद्दल जरा बोलायचं होतं."

मॅडमचे डोळे भरले. म्हणाल्या, "काका, प्लीज, तुम्ही तरी नाही म्हणू नका. गेल्या वर्षी काय झालं तुम्हाला ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे, गेटवर मीच होतो. गेल्या वर्षी त्यांनी कुणाच्या तरी ओळखीतून एक ताठ म्हातारे बोलावले होते, खाकी कपडे, कडक मिशी. शाल, श्रीफळ, सगळं झालं. बोलायला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "एकोणतीस वर्षं बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडली." कंडक्टर होते. भाषण मात्र चांगलं केलं त्यांनी, शेवटी सुट्ट्या पैशांवर बोलले. पण प्लांट हेड साहेब तेव्हापासून मॅडमना अधूनमधून "पुढे चला" म्हणतात.

"ह्या वर्षी जेन्युइन पाहिजे, काका. माझं कन्फर्मेशन अडकलंय," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्या शेजारी कोण असणार आहे माहितीये? वीरपत्नी! माजी सैनिकांच्या ऑफिसातून नाव मिळालं. जवळच मोशीत राहतात. पद्मा गणराज जगदाळे."

मी बरं म्हणालो आणि बाहेर आलो. त्यानंतर तीन गाड्या पास न बघता सोडल्या. असं माझ्या हातून पाच वर्षांत झालेलं नाही.

दुपारी जेवलो नाही. लिहायला सोपं गेलं.

१३ जुलै, रविवार

गणराज माझ्या शेजारच्या गावचा, एकाच पलटणीत. तो लढणारा, मी रांधणारा. सुट्टीला एकाच एसटीने यायचो. त्याच्या लग्नात जेवण मीच बनवलं होतं. कारगिलहून मी परत आलो, तो आला नाही.

पद्मावहिनी मोशीत राहते हे गावाकडून कधीच कळलं होतं, मॅडमनी सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी पिंपरी कॅम्पात ती मला समोरून येताना दिसली होती. मी शेजारच्या दुकानात शिरलो. दुकान रेनकोटचं होतं. ती जाईपर्यंत बघत काय उभं राहायचं, म्हणून एक घेतला. मे महिना होता. तो रेनकोट अजून घडी न मोडता कपाटात आहे आणि सावित्रीला मी तो सेलमध्ये मिळाला असं सांगितलं आहे.

माझी भीती साधी आहे. चारशे माणसांत मी कोण होतो हे ठाऊक असलेली ती एकटीच असेल आणि ती माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसणार. मी वाघासारखा बोलायला लागलो की ती म्हणेल, अहो, हे तर आमचे आचारी. एवढंच आहे.

पोहे, भात, आमटी, चहा चार.

१७ जुलै, गुरुवार

मॅडमनी भाषण लिहून दिलं. दोन पानं. मी फोनवर रायफल काढायला सांगितली होती, ती बॅनरवरून काढली, त्या जागी रणगाडा घातला.

घरी सावित्रीसमोर तालीम केली. "गोळ्यांचा वर्षाव होत होता. शत्रू समोर होता. माझं रक्त सळसळत होतं." सावित्री मेथी निवडत होती. म्हणाली, "आनि तुमी काय करत व्हता?"

"कणीक मळत होतो."

"मग त्ये लिवलंय का त्यात?"

"नाही."

"मग वाचू नका."

मी जरा तापलो. म्हणालो, चारशे माणसं कणकेचं ऐकायला बसतील का? पोरीची नोकरी पक्की व्हायची आहे. लोकांना अंगावर काटा पाहिजे. सावित्री म्हणाली, "मी इतकी वर्सं कनकेच्या मानसाबरं काढली, मला कदी कमीपना वाटला न्हाई. तुमाला वाटतोय तर वाचा." आणि मेथी घेऊन आत गेली.

रात्रीच्या मेथीत मीठ जास्त होतं. मी सगळी संपवली.

२० जुलै, रविवार

तेरा तारखेला जे लिहिलं ते अर्धंच होतं. ही वही आता डॉक्टरीणबाईंना दाखवण्यासारखी राहिलेली नाही, तेव्हा उरलेलं लिहितो.

लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, रोज सकाळी आचाऱ्याला एक आकडा सांगतात. स्ट्रेंथ. आज इतकी माणसं, इतक्यांचं कर. आमचा लंगर नाल्यात एका कपारीखाली होता आणि चौकी वर. संध्याकाळ झाली की वरून दोघंतिघं उतरायचे आणि जेवण पाठीवर बांधून चढायचे. बाकी दिवस वरच्यांना शंकरपाळी आणि डबाबंद. आठ जुलैला मला बऱ्याच दिवसांनी कोरडा आटा आणि तेल मिळालं. मी वर निरोप धाडला: आज पुऱ्या आहेत, गणराजला पाठव. त्याची पाळी नव्हती. त्याने दुसऱ्याशी बदलून घेतली आणि आला. जाताना वाटेत तोफेचा गोळा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारसाहेबांनी आकडा सांगितला. बेचाळीसचे एक्केचाळीस. घरी तार जायच्या आधी आचाऱ्याला कळतं, कारण त्याचा आकडा कमी होतो. मी त्या दिवशी बेचाळिसांचंच केलं.

मी निरोप धाडला नसता तर तो वर बसून शंकरपाळी खात राहिला असता. हे वहिनीला कुणी सांगितलं असेल का ते मला ठाऊक नाही. मी कधी तोंड दाखवलं नाही. अंत्यसंस्काराला रजा मिळाली नव्हती, हे कारण खरं आहे. त्यानंतरच्या सव्वीस वर्षांचं कारण माझ्याकडे नाही.

काय खाल्लं ते आठवत नाही.

२४ जुलै, गुरुवार

सुट्टी. सावित्री म्हणाली, कार्यक्रमात तोंडावर पडण्यापरीस आधी भेटून या. नवा शर्ट घालून मोशीला गेलो. रेनकोटही घातला, सावित्रीनेच काढून दिला. "सेलचा हाय, वापरा की," म्हणाली. तिला बहुतेक सगळं ठाऊक असतं.

वहिनी शिवणकाम करते. खालीच पाटी आहे: कंपनी युनिफॉर्म शिवून मिळतील. वरून मशीनचा आवाज येत होता. मी जिन्याशी उभा राहिलो. समोरच्या गाड्यावर एक वडापाव खाल्ला. मग बघितलं, मशीन थांबलं होतं. म्हणजे जेवत असेल, जेवताना जाऊ नये, म्हणून आणखी एक खाल्ला. मग मशीन पुन्हा सुरू झालं. म्हणजे कामात असेल. गाडेवाला म्हणाला, "काका, तिसरा बांधू का?" मी घरी आलो.

सावित्रीने विचारलं, भेटलात? मी म्हणालो, घरी नव्हत्या. तिने माझ्या शर्टावरची चटणी ओल्या फडक्याने पुसली.

वडापाव दोन. दोन्ही निष्कारण.

२५ जुलै, शुक्रवार

चहा. चहा. चहा.

पदक शोधलं. ते तेव्हा आमच्या सगळ्यांनाच मिळालं होतं. वेलदोड्याच्या डब्यात सापडलं. वास चांगला येतोय.

२६ जुलै, शनिवार

आज सगळं सावकाश लिहितो.

साडेअकराला कार्यक्रम. प्रेस मशीन बंद केली होती, पहिली शिफ्ट सगळी जमिनीवर बसलेली. बॅनरवर मी, माझा रणगाडा आणि कॅप्टन नाईक. मी पदक लावून खुर्चीत बसलो. शेजारी पद्मावहिनी येऊन बसली. केस पांढरे झालेत, बाकी तशीच. पदर सारखा करत म्हणाली, "कसं हाय, भावजी?"

"बरं हाय."

"लय वर्सांनी."

मी स्वागताला हातात दिलेल्या नारळाकडे बघत बसलो. नारळाला तीन डोळे असतात, हे मला आधीही माहीत होतं.

दोन मिनिटं स्तब्धता झाली. कॉम्प्रेसर बंद करायला विसरले होते, तो फुसफुसत राहिला. मग प्लांट हेड साहेबांनी शहीद, शिस्त आणि उत्पादन ह्या तीन विषयांवर भाषण केलं. तेवढ्यात पूनम मॅडम वाकून कानाशी आल्या. "काका, मालोजींचा टेम्पो मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलाय. जेवण तासभर लेट. तुम्ही प्लीज लांबवा. पंधरा मिनिटांचं पाऊण तास करा." दोन पानांचं पाऊण तास कसं करायचं हे त्यांनी सांगितलं नाही.

मी उभा राहिलो. कागद उघडला. वाचलं, "गोळ्यांचा वर्षाव होत होता. शत्रू समोर होता. माझं रक्त." आणि पुढचा शब्द काही निघेना. वहिनी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, एखादा माणूस वाट बघतो तसं.

कागदाची घडी केली आणि म्हणालो, "मी आचारी हुतो."

मागून पेंट शॉपची पोरं हसली. पूनम मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेब हळूच म्हणाले, "पुढे चला." मला वाटलं, आता कंडक्टरसारखंच पुढे जायचं.

मग मी सांगत गेलो, गावी बोलतो तसंच. तिकडं इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं पण डाळ काय केल्या शिजत न्हाई. तेलाला मात्र उंचीचं काही नसतं, म्हणून पुरी. कणीक घट्ट मळायची, चिमूटभर साखर, जिरं, मोहन कडकडीत. हात इतके गारठायचे की आधी हात कणकेत गरम करायचा का कणीक हातात, तेच कळायचं न्हाई. तोफेचा गोळा पडला की कपारीतनं माती पडायची, म्हणून परातीवर मी स्वतः आडवा व्हायचो. परातीला एक खडा लागू दिला न्हाई कधी. इथे सगळे हसले आणि मीही हसलो. साडेबाराची वेळ, पोटात कावळे, आणि मी गरम पुरीबद्दल बोलतोय. चारशे माणसं जागची हलली नाहीत. एकाने तर विचारलं, "काका, भाजी कुठली?"

"बटाट्याची. सुकी."

"आयला," तो म्हणाला आणि आवंढा गिळला.

मग मी स्ट्रेंथचं सांगितलं. रोजचा आकडा. आणि एका दिवशी बेचाळीसचे एक्केचाळीस झाले ते. नाव घेतलं नाही. तिथेच थांबलो.

तेव्हा वहिनी उठून उभी राहिली. माइक तिच्यापुढे धरला तर तिने हाताने बाजूला सारला.

"भावजी, एक इचारू?"

मी मान हलवली. आता निरोपाचं विचारणार, हे मला कळलं होतं. सव्वीस वर्षं मी त्याच प्रश्नासाठी रेनकोट घेत होतो.

ती म्हणाली, "त्यांच्या सायबाचं पत्र आलं हुतं. लय चांगलं लिवलं हुतं. मोठी मोठी मानसं घरला येऊन गेली. कसं लढले, कसं गेले, समद्यांनी सांगितलं. जेवून गेले का उपाशी गेले, ते कुनी सांगंना. इचारायचं तरी कुनाला? तुमी तितं हुता. त्यांनी खाल्लं हुतं का?"

"खाल्लं हुतं, वहिनी. पुरी, भाजी, लोणचं. पहिला घाणा त्याचाच हुता."

"किती?"

"सात. उभ्या उभ्या. आठवी पुढं केली तर म्हणला, पुरं, चढायचं हाय."

तिने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "सात! माज्या हातच्या कदी पाचाच्या वर खाल्ल्या न्हाईत." आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती का रडत होती ते मला सांगता येणार नाही, मी स्वतः काय करत होतो तेही नाही.

आता सांगितलं नाही तर कधीच नाही, असं वाटलं. म्हणालो, "वहिनी, त्याची पाळी नव्हती. मीच निरोप धाडून बोलावलं त्याला. पुऱ्या हायत म्हणून."

"तुमी न्हाई बोलावलं तरी आले असते," ती म्हणाली. "पुरीचा वास आला की ते कुनाला थांबत हुते व्हय? आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आदी तुमच्या कढईपाशी हुते. इसरलात?"

विसरलो होतो. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात पुरी, आणि भटजी हाका मारतायत.

त्याच वेळी मागचं शटर वर गेलं आणि मालोजी घामाघूम होऊन ओरडला, "जेवण आलं!" कार्यक्रमाचा समारोप कुणी केला नाही. शाल माझ्या खांद्यावर प्लांट हेड साहेबांनी धावता धावता टाकली.

मालोजीने आज सणाचा मेनू केला होता: पुरी, भाजी. पुऱ्या गार आणि निम्मा मैदा. वहिनीने स्वतः वाढलं. मोजून सात घातल्या आणि मी संपवेपर्यंत समोरून हलली नाही. पूनम मॅडम काजळ गालावर घेऊन आल्या, म्हणाल्या, "काका, गूजबंप्स आले." कन्फर्मेशनचं पत्र साहेबांनी सोमवारी देतो म्हटलंय. मालोजीने कणकेचं प्रमाण विचारून घेतलं. आणि पेंट शॉपचा एक पोरगा हात धुता धुता म्हणाला, "काका, डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, बघाल का?"

हे मी चार जुलैलाच लिहून ठेवलं होतं.

३१ जुलै, गुरुवार

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. मधली पानं फाडावीत का असं सावित्रीला विचारलं. ती म्हणाली, "असू द्या. त्यास्नी बी कळंल साखर कशानं वाढली ती." रेनकोटाचं तिला सांगून टाकलं. म्हणाली, "नऊ वर्सं झाली की मला कळून."

आज पद्मावहिनी जेवायला आली होती. येताना माझ्यासाठी गेटचा नवा युनिफॉर्म शिवून आणला, मापाला नेलेला जुना परत दिला. तो सावित्रीने कधी पोचवला, कुणास ठाऊक. दोघी दुपारभर बोलत होत्या, बहुतेक माझ्याबद्दल, कारण मी आत गेलो की गप्प व्हायच्या.

स्वयंपाक मी केला. स्ट्रेंथ तीन. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं. वहिनी आधी पाच म्हणाली आणि सहा खाल्ल्या. सावित्रीने पाच, मी चार.

कणीक तिघांची मळली होती. एकही पुरी उरली नाही. हवा सकाळपासून ओलीच होती.